अर्ध्या तिकिटात मृत्युपत्र होतं का?

"एसटीत आम्हाला अर्धं तिकीट लागतं, पंचाहत्तरी झाली की तेही लागत नाही. मग वकिलाकडं मृत्युपत्र करायला गेलं तर फी मात्र पूर्ण का?" बारामती-इंदापूर भागात ज्येष्ठ मंडळींसमोर मृत्युपत्राचा विषय काढला की हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर मात्र दोन टप्प्यांत द्यावं लागतं. वकिलाच्या फीला ज्येष्ठ नागरिकाचं ओळखपत्र चालत नाही. पण बऱ्याच जणांना, आणि त्यातही घरातल्या बाईला, अर्ध्या फीपेक्षा मोठी सवलत कायद्याने दिलेली आहे. ती सवलत कुणाला, कुठे आणि नेमक्या कशासाठी मिळते, ते या प्रकरणात पाहू.

१. कार्ड कुठे चालतं?

एसटीची सवलत सरकारची आहे. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास, मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. तुम्ही न दिलेल्या पैशाची भरपाई महामंडळाला राज्य सरकार करतं. वकील हा स्वतंत्र व्यावसायिक. त्याची फी त्याने आणि पक्षकाराने आपसात ठरवायची असते. म्हाताऱ्या माणसाकडून कमी पैसे घेणारे वकील तालुक्याच्या प्रत्येक कोर्टात भेटतात, पण तो त्यांचा चांगुलपणा झाला. त्यावर हक्क सांगता येत नाही.

म्हणून प्रश्नाचे दोन भाग करू. मृत्युपत्राच्या कागदाला मुळात किती खर्च येतो? आणि मसुद्यासाठी लागणारी कायद्याची अक्कल फुकट कुणाला मिळते?

२. कागदाचा खर्च

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. साध्या कोऱ्या कागदावर लिहिलेलं मृत्युपत्र तितकंच पक्कं असतं. तरी लोक आधी मुद्रांक विक्रेत्यापुढे रांग लावतात. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात बऱ्याच कामांना शंभराऐवजी पाचशेचा मुद्रांक लागू लागला, तसा हा गैरसमज पाच पटीने महाग झाला. नोटरीचा शिक्काही गरजेचा नाही. मृत्युपत्र मराठीत चालतं, हाताने लिहिलेलं चालतं, टाइप केलेलं चालतं. भारतीय वारसा कायदा १९२५ चा. त्याचं कलम ७४ सांगतं की मृत्युपत्रात कायद्याचे ठरावीक शब्द असण्याची गरज नाही, लिहिणाऱ्याचा हेतू कळला म्हणजे झालं.

मग वकिलाला पैसे कशाचे द्यायचे? विचाराचे. यातलं तुमचं स्वतःचं किती, तुम्ही लिहिलेल्या वाक्याचे दोन अर्थ निघतात का, पुढे भांडण कुठून उठेल, हे बघण्याचे. हे काम मोलाचं आहे, आणि ज्यांना परवडतं त्यांनी त्याचे पैसे जरूर द्यावेत. फक्त फी ठरवताना तीत काय काय धरलंय ते आधीच विचारून घ्यावं. मसुदा एकदाच की दुरुस्त्यांसह? नोंदणीच्या दिवशी वकील सोबत येणार का? उद्या मृत्युपत्र बदलायचं झालं तर पुन्हा किती? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की पुढची कुरबूर टळते.

३. पूर्ण सवलत कुणाला?

राज्यघटनेत १९७६ च्या दुरुस्तीने कलम ३९-अ आलं. पैशाअभावी कुणी न्यायापासून वंचित राहू नये, यासाठी मोफत कायदेशीर मदत देणं हे त्याने राज्याचं कर्तव्य ठरवलं. त्यातून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. तो ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अमलात आला.

या कायद्याचं कलम १२ पात्र माणसांची यादी देतं. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, बालक, दिव्यांग, औद्योगिक कामगार, मानवी तस्करी किंवा वेठबिगारीला बळी पडलेली व्यक्ती, कोठडीत असलेली व्यक्ती, दुष्काळ, पूर, भूकंप यांसारख्या आपत्तीने अडचणीत आलेली व्यक्ती. शेवटचा गट कमी उत्पन्नाचा. त्याची मर्यादा महाराष्ट्रात वर्षाला तीन लाख रुपये आहे.

ही यादी आपल्या दोन तालुक्यांवर ठेवून बघा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी इथले साखर कारखाने, बारामतीची एमआयडीसी, वालचंदनगर. इथले कामगार 'औद्योगिक कामगार' म्हणून पात्र ठरू शकतात. राज्य सरकारने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत बारामती आणि इंदापूर दोन्ही होते, म्हणजे इथले दुष्काळग्रस्तही या यादीत बसू शकतात. कॅनॉलच्या पट्ट्यातला ऊस डोळ्यांत भरतो, पण त्याच तालुक्यांच्या जिरायती गावांत उन्हाळ्यात पाणी टँकरने येतं.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट अशी की तीन लाखांची अट फक्त शेवटच्या गटाला आहे. स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. तिच्या नावावर वीस गुंठे असोत की वीस एकर, ती पात्रच. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांचंही तसंच. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी बायका 'आमचं काही दारिद्र्यरेषेचं कार्ड नाही' म्हणून मागे फिरतात.

'ज्येष्ठ नागरिक' असा वेगळा गट कलम १२ मध्ये नाही. त्यामुळे नुसत्या वयावर हक्क मिळत नाही. पण सत्तरीची आजी स्त्री म्हणून पात्र असते, आणि थोड्या पेन्शनवर जगणारे आजोबा उत्पन्नाच्या अटीत बसतात. उत्पन्न सांगायला प्रतिज्ञापत्र पुरेसं असतं.

४. समितीकडे काय मागायचं?

प्रत्येक तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. तिथल्या न्यायालयातले सर्वांत वरिष्ठ न्यायाधीश तिचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. म्हणजे बारामतीकरांनी बारामतीच्या कोर्टात जायचं, इंदापूरकरांनी इंदापूरच्या. जिल्ह्याचं प्राधिकरण पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात आहे. १५१०० हा देशभराचा मोफत फोन क्रमांक.

इथे एक बारकावा नीट समजून घ्या, नाहीतर खिडकीवरून परत यावं लागेल. कलम १२ चा हक्क आहे तो ज्याला खटला दाखल करायचा किंवा लढवायचा आहे त्याचा. मृत्युपत्र हा खटला नव्हे. पण त्याच कायद्यात 'विधी सेवा' या शब्दाची व्याख्या आहे, आणि तिच्यात कोणत्याही कायदेशीर बाबीवर सल्ला देणं स्पष्टपणे येतं. समित्यांच्या विधी सेवा केंद्रांत अर्ज, नोटिसा, फॉर्म लिहून देण्याची मदतही होते. म्हणून 'मला वकील द्या' एवढंच म्हणू नका. अर्जात असं लिहा: 'मला मृत्युपत्र करायचं आहे. माझ्या मिळकतीबद्दल कायदेशीर सल्ला हवा आहे आणि मसुदा तपासून मिळावा, ही विनंती.' सल्ला मिळाला, आपला कच्चा कागद जाणकाराने वाचून दुरुस्त करून दिला, की खर्चाचा मोठा भाग तिथेच वाचतो. समितीने नेमलेल्या पॅनेलवरच्या वकिलाला तुमच्याकडून फी घेता येत नाही. कुणी मागितली तर समितीच्या अध्यक्षांकडे तक्रार करता येते.

जाताना आधार, जमिनीचा सातबारा आणि आठ-अ, घराचा ग्रामपंचायत उतारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, बँकेची पासबुकं न्या. लागू असेल तर जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला. आणि एका वहीच्या पानावर आपल्या मिळकतीची यादी. ती यादी करायला आठवडा लागला तरी चालेल. दागिने, कारखान्याचा शेअर, सोसायटीतली ठेव, दुभती जनावरं, कुणाला दिलेले हातउसने, आपल्यावरचं कर्ज, सगळं लिहा. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचं वसंतराव पवार विधी महाविद्यालय आहे. विधी महाविद्यालयांनी कायदा साहाय्य केंद्र चालवावं असा बार कौन्सिलचा नियम आहे. यादी लावायला, अर्ज लिहायला कायद्याचे विद्यार्थी चांगली मदत करू शकतात.

५. यातलं तुमचं किती?

मृत्युपत्र फक्त आपल्या मालकीच्या वस्तूंचं होतं. इथेच बहुतेक मृत्युपत्रं चुकतात, कारण सातबारावर एकट्याचं नाव दिसलं की माणूस ती सगळी जमीन आपली धरून चालतो.

स्वतःच्या कमाईने घेतलेली जमीन पूर्ण तुमची. ती मुलाला द्या, मुलीला द्या, संस्थेला द्या. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत मात्र तुमचा हिस्सा तेवढाच तुमचा. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्याच्या कलम ३० ने हा हिस्सा मृत्युपत्राने देता येतो. इतरांचा हिस्सा देता येत नाही.

हिशोब करून बघू. समजा एकत्र कुटुंबाची चार एकर जमीन आहे. नवरा, बायको, एक मुलगा, एक मुलगी. सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी मुलाइतकीच हिस्सेदार झाली, लग्न झालेलं असो वा नसो. ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २००५ साली वडील हयात होते की नव्हते, यावरही तो हक्क अवलंबून नाही. आपल्याकडच्या पद्धतीत वाटपाच्या वेळी बायकोलाही मुलाइतका वाटा मिळतो. म्हणजे चार वाटे, प्रत्येकी एक एकर. नवऱ्याचा एक एकर म्हणजे चाळीस गुंठे.

तो मृत्युपत्र न करता गेला, तर हे चाळीस गुंठे बायको, मुलगा आणि मुलगी यांच्यात सारखे वाटले जातील. प्रत्येकाला सव्वातेरा गुंठ्यांच्या थोडं वर. बायकोकडे एकूण सव्वात्रेपन्न गुंठ्यांच्या आसपास राहतील. त्याने आपला हिस्सा बायकोला मृत्युपत्राने दिला, तर तिच्याकडे पूर्ण दोन एकर राहतील. म्हातारपणी पोटाला आणि औषधाला लागणारा पैसा तिच्या हातात राहतो की मुलांच्या, ते या एका कागदाने ठरतं.

बायकोचा हा वाटा कल्पनेतला नाही. सांगलीच्या कोर्टात १९६२ साली हिराबाई खंडाप्पा मगदूम यांनी दावा केला. नवरा १९६० मध्ये मृत्युपत्राशिवाय गेला होता, मागे त्या, दोन मुलगे आणि तीन मुली. तेव्हा मुली हिस्सेदार नव्हत्या, म्हणून वाटे चार पडले. हिराबाईंचा स्वतःचा पाव वाटा, शिवाय नवऱ्याच्या पाव वाट्याचा सहावा भाग, म्हणजे २४ भागांतला एक. एकूण २४ पैकी ७ भाग. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांनी हा हिशोब कायम केला. दावा ते निकाल, पंधरा वर्षांच्या वर.

'वडिलांकडून आलं म्हणजे वडिलोपार्जित' हेही दरवेळी खरं नसतं. १९५६ नंतर वडील वारले आणि वाटपात आलेली जमीन हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ ने मिळाली, तर ती मुलाची स्वतःची धरली जाऊ शकते. म्हणून सल्ल्याला जाताना नुसता आजचा सातबारा पुरत नाही. त्यावर नावाजवळ फेरफार क्रमांक असतात. ते जुने फेरफार काढून न्या. जमीन कधी, कुणाकडून, कशी आली याची हकीकत त्यांत मिळते, आणि वकील ती वाचूनच उत्तर देऊ शकतो.

मुस्लिम बंधूंसाठी नियम वेगळा आहे. अंत्यविधीचा खर्च आणि कर्ज वजा जाता उरलेल्या मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्र करता येतं, आणि वारसालाच द्यायचं तर इतर वारसांची संमती लागते.

६. बाईचं मृत्युपत्र

या प्रकरणातला हा भाग मला सर्वांत जवळचा वाटतो. मृत्युपत्राची गोष्ट निघाली की घरात 'आण्णांनी मृत्युपत्र केलंय का?' असं विचारतात. आईने केलंय का, हे कुणी विचारत नाही. खरं तर मृत्युपत्र नसल्याचा फटका बाईच्या मिळकतीला जास्त विचित्र बसतो.

कारण हिंदू स्त्रीच्या मिळकतीचे वारस वेगळ्या क्रमाने येतात. मुलंबाळं आणि नवरा असतील तर ती मिळकत त्यांची. ते कुणीच नसतील, तर तिने स्वतः कमावलेली मिळकत तिच्या नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिचे आईवडील हयात असले तरीही. आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत तेवढी, मूल नसेल तर, वडिलांच्या वारसांकडे परतते.

नारायणीदेवी नावाच्या बाईचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा वारला आणि सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. माहेरच्यांनी शिकवलं, तिला नोकरी लागली, पुढे चांगली शिल्लक पडली. १९९६ मध्ये ती मृत्युपत्र न करता गेली. २००९ मध्ये न्यायालयाला कायद्याप्रमाणे निकाल द्यावा लागला, आणि तिची सगळी कमाई नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना मिळाली. सहानुभूतीने कायदा बदलत नाही, असं न्यायालयाला म्हणावं लागलं. दोन ओळींचं मृत्युपत्र असतं तर तो पैसा तिला शिकवणाऱ्यांच्या हाती गेला असता.

आपल्याच जिल्ह्यात, खेड तालुक्यातल्या आंबेठाणचे शेतकरी नेते शरद जोशी यांनी १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली. शेतकऱ्याने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा, अशी तिची हाक होती. पुढे सरकारनेही पत्नीचं नाव सातबारावर लावण्याची सोय केली. त्यामुळे सातबारावर नाव असलेल्या बायका आता गावोगाव आहेत. अंगणवाडीत, आरोग्य केंद्रात, बचत गटात कमावणाऱ्याही आहेत. या प्रत्येकीला सल्ला मोफत आहे, उत्पन्नाची अट नाही, आणि मृत्युपत्राची सगळ्यांत जास्त गरज तिलाच आहे. विधवा, एकटी, मूल नसलेली बाई असेल तर तिने हे काम या महिन्यातच करावं, असं मी आग्रहाने सांगेन.

७. मसुद्यात काय असावं?

नमुन्यादाखल एक छोटं मृत्युपत्र घेऊ. समजा इंदापूर तालुक्यातली विधवा आजी, एक मुलगी, एक मुलगा.

'मी अमुक, वय ६८, धंदा शेती, रा. अमुक गाव, ता. इंदापूर, जि. पुणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केले असल्यास ते रद्द समजावे. गट नंबर अमुक मधली माझ्या मालकीची ३० गुंठे जमीन, सामाईक विहिरीतील माझी पाण्याची पाळी, मोटर व पाइपलाइनसह, माझी मुलगी अमुक हिला माझ्या पश्चात पूर्ण मालकीहक्काने मिळावी. ती माझ्या आधी मयत झाल्यास तिच्या मुलांना समान मिळावी. राहते घर माझा मुलगा अमुक यास मिळावे. वर न लिहिलेली आणि पुढे मला मिळणारी सर्व मिळकत दोघांना समान मिळावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझा भाचा अमुक याने करावी.'

झालं. आता यातल्या तीन जागा जवळून बघा.

पहिली, पाण्याची पाळी. आपल्या भागात पाण्याशिवाय जमिनीला किंमत नाही. जमीन मुलीला लिहून दिली आणि विहिरीची पाळी, वीज कनेक्शन, उपसा सिंचन योजनेतला हिस्सा लिहायचा राहिला, तर सातबारा तिच्याकडे आणि पाणी भावाकडे अशी गत होते. मग ती जमीन भावालाच पडत्या भावाने देण्यावाचून तिला इलाज उरत नाही. शेताकडे जाणारी वाटही अशीच लिहावी.

दुसरी, 'पूर्ण मालकीहक्काने'. 'माझ्या पश्चात बायकोला, तिच्या पश्चात मुलाला' हे वाक्य शेकडो मृत्युपत्रांत असतं. मग बायकोला जमीन विकता येईल की फक्त पीक खाता येईल? या एका वाक्यावरून पिढ्या कोर्टात गेल्या आहेत. मनात काय आहे ते स्पष्ट लिहा. तिला विकण्याचा हक्क द्यायचा असेल तर तसं, नसेल तर तसं.

तिसरी, शेवटची 'उरलेली सर्व मिळकत' ही ओळ. ती नसेल तर विसरलेली ठेव किंवा पुढे मिळालेला भूसंपादनाचा मोबदला मृत्युपत्राबाहेर राहतो.

८. नॉमिनी लावलाय, मग मृत्युपत्र कशाला?

हंगामात ऊसबिल घरातल्या एकाच्या खात्यावर जमा होतं, म्हणून ते सगळं त्या एकाचं होत नाही. नॉमिनीचंही तसंच आहे. बँकेला पैसे कुणाच्या हाती द्यायचे ते कळावं एवढ्यासाठी ते नाव असतं. पुढे ते पैसे मृत्युपत्राप्रमाणे, ते नसेल तर कायद्याच्या वारसांना वाटायचे.

हा मुद्दा पक्का झाला तो एका मराठी माणसाच्या मिळकतीवरून. 'कालनिर्णय'चे जयंत साळगावकर यांनी जून २०११ मध्ये मृत्युपत्र केलं, ऑगस्ट २०१३ मध्ये ते वारले. काही गुंतवणुकींवर नॉमिनी होते, आणि त्या पैशाचे मालक कोण असा वाद उभा राहिला. १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नॉमिनी मालक होत नाही, वारसा कायदाच चालतो. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच होतात. म्हणून विम्यावरचं नाव आणि मृत्युपत्र एकमेकांशी जुळतंय ना, ते तपासा.

९. सही, अंगठा, साक्षीदार

मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात. दोघांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं किंवा 'ही माझी सही' असं तुमच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि मग तुमच्यासमोर त्यांनी सही करावी. सही येत नसेल तर अंगठा चालतो. दस्तांत त्याशेजारी 'नि. डा. हा. अं.' लिहितात, म्हणजे निशाणी डाव्या हाताचा अंगठा. अंगठा असेल तर मजकूर वाचून दाखवला आणि समजला, ही ओळ जरूर घाला.

साक्षीदार तुमच्याहून तरुण, गावात राहणारे आणि मृत्युपत्रात काही न मिळणारे असावेत. ख्रिस्ती कुटुंबांत तर साक्षीदाराला दिलेली देणगी कायद्यानेच बाद होते. पुढे वाद झाला तर एक तरी साक्षीदार हयात असल्यास कोर्टात उभा करावाच लागतो. म्हणून समवयस्क मित्रापेक्षा पस्तिशीचा शेजारी बरा.

कोर्ट संशय कशाचा घेतं, हे १९५८ च्या एका निकालात न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी सांगून ठेवलंय. थरथरती, संशयास्पद सही. क्षीण झालेलं मन. जवळच्या वारसांना कारणाशिवाय वगळणं. आणि ज्याला मोठा फायदा होणार त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतलेला असणं. म्हणून ज्याला जमीन मिळणार त्याच्याच गाडीतून, त्यानेच शोधलेल्या वकिलाकडे जाऊ नका. समितीकडे स्वतः गेलेल्या आजीचं मृत्युपत्र या बाबतीत जास्त भक्कम असतं. कुणाला वगळायचं असेल तर का, ते एका वाक्यात लिहा. 'थोरल्याला घर बांधायला पूर्वीच रक्कम दिली आहे' एवढं पुरतं. वय फार असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडा.

१०. नोंदणी आणि बक्षीसपत्र

नोंदणी सक्तीची नाही, पण शक्य असेल तर करावी. दुय्यम निबंधक कार्यालयात फी नाममात्र आहे. मृत्युपत्राच्या नोंदणीला मुदत नसते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी अधिकारी येऊ शकतात, तशी तरतूद कायद्यात आहे. नोंदणी झाली म्हणून साक्षीदाराची गरज संपत नाही, हे मात्र लक्षात असू द्या. आणि नोंदवलेलंसुद्धा मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येतं. शेवटच्या तारखेचं तेच खरं.

'त्यापेक्षा आत्ताच मुलाच्या नावावर बक्षीसपत्र करून टाका, मुद्रांक दोनशे रुपयेच लागतो,' असा सल्ला घरात बऱ्याचदा मिळतो. मुलामुलींना, नातवंडांना शेतजमीन किंवा राहतं घर देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क खरोखर दोनशे रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. पण बक्षीसपत्राने जमीन आजच जाते, मृत्युपत्राने डोळे मिटल्यावर. हा फरक स्वस्ताईपेक्षा मोठा आहे. बक्षीसपत्र करायचंच असेल तर 'मला आयुष्यभर सांभाळण्याच्या अटीवर' हे शब्द त्यात हवेतच. ते असतील आणि मुलाने पाठ फिरवली, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून मागता येतं. दोन्ही तालुक्यांसाठी तो अर्ज बारामतीच्या प्रांत कार्यालयात द्यायचा.

११. मागे राहिलेल्यांनी काय करायचं?

बारामती-इंदापुरातल्या जमिनीसाठी हिंदू कुटुंबाला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर, सक्तीने घ्यावी लागत नाही. मृत्यूनंतर तीन महिन्यांत मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्राची प्रत तलाठ्याकडे, आताच्या नावाने ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, द्यायची. फेरफार नोंद धरली जाते, सगळ्या हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकतीला पंधरा दिवस मिळतात. हरकत आली नाही तर मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर नोंद वादग्रस्त रजिस्टरला जाते. मृत्युपत्र खरं की खोटं, याचा शेवटचा निवाडा दिवाणी कोर्ट करतं.

आईने लिहून दिलेल्या जमिनीला भावाने हरकत घेतली आणि मुलीला कोर्टाची पायरी चढावी लागली, तर आता तो खटला असतो. चौथ्या भागातला बारकावा इथे उरत नाही. स्त्री म्हणून कलम १२ चा हक्क तिला पुरा लागू होतो, आणि दावा लढवायला वकील, कोर्ट फी, नकलांचा खर्च यांची सोय त्याच तालुका समितीकडून मागता येते.